बोट हीव्ह टू करायला शिकताय? या चुका टाळा

मी संभाजीनगरचा, शिडाची बोट शिकलो गोव्यात, आणि तिथं सगळ्यात जास्त घाम काढला तो या हीव्ह टूनं. म्हणजे शिडं न उतरवता बोट पाण्यावर जवळजवळ थांबवून ठेवायची, शीड लहान करायला, डबा खायला, नाहीतर सोबतच्याला मळमळत असेल तर त्याला जरा सावरू द्यायला.

करायचं एवढंच, वारा येतो त्या दिशेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं चालायचं, मग टॅक मारायचा (म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवायचं) पण जिबची, म्हणजे पुढच्या शिडाची, दोरी सोडायची नाही. जिब उलट्या बाजूनं भरतं, मग मेन, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, ढिलं करायचं आणि टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) मेनच्या बाजूला ढकलून बांधायचा. जिब बोटीचं तोंड वाऱ्यापासून लांब ढकलतं, सुकाणू परत वाऱ्याकडं वळवतं, या ओढाताणीत बोट गप बसते.

सगळ्यात मोठी चूक घाई. टॅक झाला की लगेच टिलर बांधतात, बोटीत वेग अजून तसाच असतो, मग ती गर्रकन वळून परत टॅक मारते आणि आपण म्हणतो बोटच खराब. आधी वेग मरू द्या, दहा-पंधरा सेकंद लागले तरी चालतील, मग हळूच ढकला. तरी परत वळत असेल तर मेन जास्त ओढलंय, सोडा थोडं. उलट तोंड वाऱ्यापासून लांब पडून बोट पळायला लागली तर मेन जरा ओढा, नाहीतर जिब फार मोठं आहे, गुंडाळून लहान करा.

सेंटरबोर्ड (बोटीच्या तळातून पाण्यात सोडायची फळी) वर राहिला तर बोट आडवी घसरत जाते, हे तर कितीदा होतं. आणि लेझरसारख्या एकाच शिडाच्या बोटीत हे जमवायच्या मागं लागू नका, तिला जिबच नाही, तिथं शीड मोकळं सोडून थांबायचं.

खालच्या बाजूला, म्हणजे वारा बोटीला ढकलतो तिकडं, जागा न बघणं ही मला सगळ्यात धोक्याची चूक वाटते. थांबलेली बोटही सरकतेच, वेग १ नॉट (ताशी सुमारे १.८५ किमी) धरा, १५ मिनिटांत साडेचारशे मीटर. आपल्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, कधी परवानगी काढून बोट टाकलीत (पक्षी अभयारण्य आहे, परवानगी पाहिजेच) तर पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा तुम्हाला पैठणकडं, धरणाच्या भिंतीकडंच नेणार, आणि मधे मासेमारांची जाळीही असतात, म्हणून आधी त्या खालच्या बाजूला बघा, मगच टॅक मारा.