सिव्हिलायझेशनचा लांब डाव: काय बोलायचं, काय झाकायचं

सहा जण आणि रोज एक फेरी. सिव्हिलायझेशन ६ या कॉम्प्युटर गेमचा प्ले बाय क्लाउडवरचा डाव (प्रत्येकाने सवडीने ऑनलाइन आपली चाल खेळायची आणि पुढच्याकडे द्यायची) या वेगाने टर्न, म्हणजे फेरी, २०० पर्यंत न्यायचा म्हणजे साडेसहा महिन्यांच्या वर गेले. पहिल्या पावसात सुरू केलेला डाव गणपती, नवरात्र, दिवाळी ओलांडून डिसेंबरात पोचतो. एवढ्या काळात ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर असे विखुरलेले खेळाडू एकमेकांशी बोलणारच. आणि या खेळात माहितीची किंमत सैन्याइतकीच असते. म्हणून नियम टर्न १ च्या आधी लिहून काढा. टर्न ६० ला केलेला नियम कोणाच्या तरी मुळावर येतोच, आणि तो कोणाच्या हे सगळ्यांना दिसतं.

आधी सर्व्हर. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर डावापुरता नवा सर्व्हर, म्हणजे आपला वेगळा गट, काढा, आणि तो न खेळणाऱ्या माणसाच्या खात्यावरून काढा. तोच पंच. सर्व्हरचा मालक, किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर परवानगी असलेला कोणीही, सगळे खासगी चॅनल वाचू शकतो; चॅनलला लावलेली कुलपं त्याला लागूच होत नाहीत. ही परवानगी एखाद्या खेळाडूकडे राहिली तर तो बिचारा काही वाचत नसला तरी संशय राहतोच. मग प्रत्येक खेळाडूला एक रोल (कोणाला काय दिसेल, काय करता येईल ते ठरवणारा शिक्का) आणि एक खासगी चॅनल. त्या चॅनलमध्ये इतर सगळ्यांसाठी 'चॅनल पाहणे' बंद, त्या खेळाडूच्या रोलला आणि न खेळता डाव पाहणाऱ्यांच्या 'बघे' या रोलला चालू. शेवटी पंचाने एकेका रोलच्या नजरेतून सर्व्हर उघडून बघावा. ती सोय सेटिंगमध्ये आहे, पाच मिनिटांचं काम, आणि नेमकं तेच राहून जातं.

मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा टाकून होणारा स्पॉयलर टॅग म्हणजे पडदा, कुलूप नव्हे. एक बोट लागलं की उघडला. तो सार्वजनिक चॅनलमध्ये दुसऱ्या गेमच्या गप्पांना ठीक. चालू डावातलं काहीही त्यात टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ठेवायचाच तर 'टर्न तुझा' एवढ्यापुरता. चुकून पाठवलेलं सगळ्यांसाठी डिलीट केलं तरी नोटिफिकेशनमध्ये कोणीतरी ते वाचलेलं असतं.

खरी गळती होते ती बघ्यांकडून, आणि तीही चांगल्या मनाने. खेळाडू आपल्या चॅनलमध्ये लिहितो, 'उद्या दक्षिणेच्या नदीवर सेटलर पाठवतोय, सोबत कोणी नाही.' (सेटलर म्हणजे नवं शहर वसवणारी, लढू न शकणारी तुकडी.) शेजाऱ्याचं चॅनलही वाचणारा बघा त्याखाली डोळे विस्फारलेला चेहरा चिकटवतो. संपलं. सेटलर घरीच राहतो, आणि झाडीत दबा धरून बसलेल्या शेजाऱ्याचे चार टर्न फुकट जातात. म्हणून बघ्यांचे दोन प्रकार करा. एकाच खेळाडूचं चॅनल वाचणारा सल्लागार: त्याने काय हवं ते बोलावं, मात्र त्याला 'बघे' रोल द्यायचा नाही, त्या खेळाडूचाच द्यायचा. दोन किंवा जास्त चॅनल वाचणारा निव्वळ बघा: त्याची लिहिण्याची आणि रिअ‍ॅक्शन देण्याची, दोन्ही परवानग्या बंद. बघ्यांना तोंड मोकळं करायला वेगळं चॅनल द्या, तिथे ते काय वाट्टेल ते बोलोत. 'मी फक्त एक प्रश्न विचारला' ही सबब मानू नका. 'पूर्वेला पहारा आहे का?' या प्रश्नात उत्तर आधीच आलेलं असतं.

सार्वजनिक चॅनलमध्ये स्क्रीनशॉट टाकताना तीन जागा कापायच्या: वरची पट्टी, कारण तिथे दर टर्नचं विज्ञान आणि सोनं दिसतं; उजवीकडे वरची चेहऱ्यांची रांग, कारण तुम्हाला कोण कोण भेटलंय ते त्यावरून कळतं; आणि खालचा डावा मिनीमॅप. नकाशाचा सीड, म्हणजे ज्या आकड्यावरून गेम नकाशा तयार करतो तो, तर कोणालाच सांगू नका. तोच सीड आणि त्याच सेटिंग टाकून एकट्याचा डाव सुरू केला की अख्खा नकाशा हातात येतो.

ज्याच्याशी गेममध्ये भेट झाली नाही त्याच्याशी डावाबद्दल अवाक्षर नाही. गेम अनोळखी खेळाडूचं नाव लपवतो. 'पिरॅमिड बांधलेस, अभिनंदन' असं ग्रुपवर लिहून तुम्ही ते फोडता. हा नियम लोकलमध्येही लागू. ठाण्याहून पनवेल गाडी पकडलेल्या दोघांनी मोहिमेचा बेत आखायचा आणि ऐरोलीला तिसऱ्याने त्याच डब्यात चढायचं, हे अशक्य नाही.

तोंडी तह करताना 'पर्यंत' हा शब्द टाळा. 'टर्न ९० पर्यंत हल्ला नाही' यात टर्न ९० धरायचा की नाही, यावरून चांगले मित्र आठवडाभर अबोला धरतात. 'टर्न ९० धरून तह, ९१ पासून मोकळे' असं लिहा. प्ले बाय क्लाउडमध्ये चालींचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे ९१ ला यादीत जो वर तो आधी वार करतो. ते मान्य नसेल तर खालच्याने शब्द देण्याआधीच एक टर्न मागून घ्यावा. गेममधली अधिकृत मैत्री स्टँडर्ड स्पीडला (गेमच्या नेहमीच्या वेगाला) ३० टर्न टिकते आणि तेवढ्यात युद्ध पुकारताच येत नाही; शब्दावर भरवसा नसेल तर तीच करा.

सेव्ह पुन्हा उघडून चाल बदलणं ही सरळ चोरी. समान ताकदीच्या दोन तुकड्यांत एका वाराला साधारण २४ ते ३६ जीव जातो, आणि तुकडीचा पूर्ण जीव १००. दर वेळी मनासारखा आकडा येईपर्यंत सेव्ह उघडत बसलं तर दोन-तीन हल्ल्यांत शहराचा निकाल फिरतो. धुकं (नकाशाचा न दिसणारा भाग) उघडून पलीकडे कोण आहे ते बघून सेव्हवर परत फिरणं तर त्याहून वाईट, कारण ते कोणाच्या लक्षातही येत नाही. वीज गेली किंवा गेम बंद पडला तर आधी पंचाला कळवा, मग त्याच चाली त्याच क्रमाने खेळा. आठवत नसलेल्या तुकडीला जागेवर उभी करा.

टर्नला २४ तास. गणपतीत निम्मे खेळाडू कोकणात असतात, तेव्हा सात दिवसांची सुट्टी आधीच जाहीर करा. एरवी गावाला जाणाऱ्याने बदली खेळाडू द्यावा आणि त्याच्यासाठी चॅनलमध्ये चार ओळी ठेवाव्यात: कोणते तह, कुठले बांधकाम, कुठली तुकडी हलवायची नाही. बदली खेळाडूने नवं युद्ध पुकारू नये.

हरत असलात तरी सोडताना सगळं सोनं आणि शहरं एका शेजाऱ्याच्या ओंजळीत टाकून जाऊ नका. त्याने उरलेल्या चौघांचा डाव नासतो. पंचाला सांगा, तो बदली खेळाडू शोधेल. नकाशावरून पुसला गेलेला खेळाडू 'बघे' रोल मागेल, तो द्या, पण दहा टर्नांनी. ज्याने त्याला संपवलं त्याच्याविषयी त्याची जीभ तोवर थोडी थंड झालेली असते.