थर्ड डिग्री की नुसती चौकशी, ओळखायचं कसं

सांगलीत २०१७ ला कोठडीत एका तरुणाचा जीव गेला, बॉडी आंबोलीला नेऊन जाळली, त्यात पोलीसच आरोपी झाले, तरी कट्ट्यावर विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, दोन दिल्याशिवाय चोर बोलतंय व्हय, त्याला काय टॉर्चर म्हणायचं?

तर पहिलं म्हणजे, किती लागलं इथनं वाद सुरू करू नका. तिथंच घोळ होतो. अमेरिकेत २००२ ला सरकारी वकिलांनी लिहून दिलं की अवयव निकामी होण्याइतक्या वेदना असल्या तरच शारीरिक टॉर्चर, आणि मग तोंडावर फडकं टाकून पाणी ओतणंही नियमात बसवलं. ब्रिटिशांनी उत्तर आयर्लंडमध्ये डोक्यावर पिशवी, भिंतीला तासन् तास उभं करणं, सतत कर्कश आवाज, झोप नाही, पोटाला नीट नाही असं सगळं केलं, आणि १९७८ ला युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने म्हटलं अमानुष आहे पण टॉर्चर नाही. हा नुसता शब्दांचा कीस आहे, माझं स्पष्ट मत.

त्यापेक्षा बघा, करणारा सरकारी माणूस आहे का, मुद्दाम केलंय का, आणि वदवून घ्यायला किंवा धाक दाखवायला केलंय का. युनोच्या १९८४ च्या करारात हेच आहे, त्रास तीव्र पायजे म्हणतात पण मानसिक पण धरतात. भारताने १९९७ ला सही केली, पुढं मंजुरी काय दिली नाही, त्यामुळे वेगळा कायदा नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम १२० आहे ना! कबुलीसाठी साधी दुखापत केली तरी ७ वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर १० पर्यंत. म्हणजे "दोनच दिल्या" हा बचावच नाही.

आता पुरावा. तळव्यावर पट्टा मारला तर वरनं फारसं दिसत नाही, म्हणून सिव्हिलला मेडिकलला नेलं की शिपाई शेजारी उभा असला तरी डॉक्टरला म्हणायचं साहेब एकट्याशी बोलायचंय, चप्पल काढून तळवे दाखवायचे, कुठं दुखतंय ते कागदावर लिहायला लावायचं. अटक केल्यापासून २४ तासात (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटसमोर नेतातच, तिथं "काही तक्रार?" विचारल्यावर मान हलवून नाही म्हणू नका, बहुतेक जण तेच करतात. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण त्यातनं सापडलेला मुद्देमाल चालतो, पट्टा निघतो तो त्यासाठीच. नार्को टेस्टला (औषध देऊन बोलतं करतात ती) पण संमती लागते, २०१० पासून.

घरच्यांनी सीसीटीव्हीचं बघा, २०२० ला सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यात आवाजासकट कॅमेरे सांगितलेत, कमीत कमी वर्षभराचं रेकॉर्डिंग ठेवायला लावलंय. लगेच अर्ज द्या, तारीख वेळ टाकून फुटेज जपून ठेवा म्हणून, आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातनं हलू नका.