आर ७५/५ चं इंजिन: फ्लायव्हीलला हात लावण्याआधी

माझी बीएमडब्ल्यू आर ७५/५ ही १९७२ची. श्टुटगार्टजवळच्या एका शेतकऱ्याच्या कोठारात, गवताच्या गठ्ठ्यांमागे ती वीस वर्षं उभी होती. मी मूळची कोल्हापूरची, बाबांचं उद्यमनगरात सिलिंडर बोअर करायचं दुकान. उघडलेलं इंजिन मला नवं नाही. तरीही हे काम एकटीनं केलं असतं तर क्रँककेसचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचाचं, नुकसान करून बसले असते. का, ते पुढे येईलच.

ही मालिका १९६९पासून बर्लिनच्या श्पांडाउ कारखान्यात बनली. ७४५ सीसी, ५० हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर डावी-उजवीकडे आडवे. दुरुस्तीसाठी इतकं मोकळं इंजिन क्वचित मिळतं: टाकीला हात न लावता हेड, म्हणजे सिलिंडरचं टोकाचं झाकण, उतरतं. पण त्याची एक-दोन गुपितं अशी आहेत की आकडे पुस्तकात सापडतात, क्रम मात्र माणसांकडूनच कळतो.

म्हणून आधी माणसं शोधा. जर्मनीत जुन्या गाड्यांच्या मंडळींचा श्टामटिश असतो, म्हणजे महिन्यातून एकदा ठरलेल्या खाणावळीत ठरलेल्या टेबलावर बसणं. जाताना खराब झालेला भाग फडक्यात गुंडाळून न्या. 'माझं इंजिन बिघडलंय' म्हणालात तर सगळे मान हलवतील. जळका व्हॉल्व्ह टेबलावर ठेवलात तर चार जण चष्मे काढतील. मला तिथेच एक निवृत्त टर्नर आजोबा भेटले. तिसऱ्या भेटीत त्यांनी आपणहून 'सी' सोडून 'डू' म्हणायला सांगितलं, म्हणजे अहो-जाहो संपलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या गॅरेजची किल्ली माझ्या हातात होती. खास अवजारं विकत घेऊ नका. अशा मंडळींकडे ती असतात आणि ते ती आनंदानं देतात. सुटे भाग मी ऑक्टोबरात मानहाइमला भरणाऱ्या वेटेरामा बाजारात शोधले, तेही आजोबांना बरोबर घेऊन.

आता काम. सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पुढच्या झाकणामागे डायोड बोर्ड आहे, अल्टरनेटरची वीज बॅटरीजोगी करणारी पट्टी. वायर जोडलेली असताना झाकण ओढलंत तर तो शॉर्ट होतो.

मग सायलेन्सरच्या नळ्या. नळी हेडला धरून ठेवणारा, हेडवर चढणारा आणि बाहेरून कल्ले असलेला मोठा नट बहुतेक वेळा गंजून धरलेला असतो. गरम करून, तेल सोडून एकदा पाहा. हलला नाही तर जोर करू नका, नट करवतीनं दोन ठिकाणी चिरून छिन्नीनं उघडा. नट नवा मिळतो, हेडवरचे आटे गेले की मोठा खर्च येतो. माझे दोन्ही नट कापावे लागले.

हेड आणि सिलिंडर उतरवताना व्हॉल्व्ह उघडणारे भाग, म्हणजे पुशरॉड, टॅपेट आणि रॉकर, ज्या जागेचे त्याच जागेला परत जायला हवेत. मी पुठ्ठ्यावर आठ भोकं पाडून नावं लिहिली होती. सिलिंडर निघाला की कनेक्टिंग रॉड मोकळा लोंबकळतो आणि केसच्या कडेवर आपटतो. त्याला लगेच जाड फडकं गुंडाळा.

आता ती गोष्ट. या इंजिनाचा क्रँक, म्हणजे मधला फिरणारा दांडा, पुढे-मागे सरकू नये म्हणून मागच्या बेअरिंगपाशी दोन थ्रस्ट वॉशर, म्हणजे चकत्या, असतात. आतला वॉशर बारीक पिनांवर टेकलेला असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवतं ते फ्लायव्हील, क्रँकच्या मागच्या टोकावरचं जड चाक. फ्लायव्हील काढलं आणि क्रँक जरासा पुढे सरकला, की आतला वॉशर पिनांवरून घसरतो. बाहेरून काही दिसत नाही. तुम्ही फ्लायव्हील परत आवळता, वॉशर पिनांवर चिरडतो, आणि हे कळतं ते गाडी चालू केल्यावर.

उपाय अगदी साधा आहे. गिअरबॉक्स काढायच्याही आधी पुढचं झाकण उघडा, अल्टरनेटरच्या रोटरच्या बोल्टवर मापाचा लोखंडी तुकडा ठेवा आणि झाकण परत बसवा. तुकडा बोल्ट आणि झाकण यांच्यात अडकला की क्रँकला पुढे जायला जागाच उरत नाही. आजोबांनी तो तुकडा मला लेथवर काढून दिला आणि तो बसल्याशिवाय क्लचला हात लावू दिला नाही. क्लचचे सहा बोल्ट आहेत. एकाआड एक तीन काढून तिथे लांब बोल्ट आणि नट घाला, बाकीचे तीन काढा, मग नट सैल करत स्प्रिंगचा ताण सारखा उतरवा. फ्लायव्हील काढण्याआधी त्यावरची 'ओटी' खूण (पिस्टन अगदी टोकाला असल्याची) केसवरच्या खिडकीत आणा आणि क्रँकवर रंगाचा ठिपका द्या. पाच बोल्टांवर ते पाच प्रकारे बसू शकतं, बरोबर एकच. बोल्ट नवेच घाला. नंतर क्रँकची पुढे-मागे हालचाल डायल गेजनं मोजा: ०.०८ ते ०.१५ मिमी हवी.

रोटर काढायचा असेल तर त्यासाठी बनवलेला कडक पोलादाचा लांब बोल्टच वापरा. साधा बोल्ट आतच तुटतो.

मोजमापाच्या वेळी मी रोज रात्री बाबांना फोन करायचे. माझा कल थेट नवे पिस्टन घेण्याकडे होता. बाबा म्हणाले, "अगं, आधी माप, मग बोल." सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा आणि उभा असा मोजला. मूळ बोअर ८२ मिमी. माझा डावा सिलिंडर तोंडाशी अंडाकृती झाला होता, म्हणून दोन्ही अर्धा मिमी ओव्हरसाइझला, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे, बोअर केले. एकच बोअर करू नका, दोन्ही बाजूंचं वजन सारखं राहायला हवं. पिस्टनवर बाण आणि 'फॉर्न' असं लिहिलेलं असतं. फॉर्न म्हणजे पुढे, चाकाकडे.

जोडताना माझ्याकडे एक संकट आलं. उजव्या हेडचा नट आवळताना तो नुसताच फिरत राहिला. आधी कुणीतरी जास्त आवळून केसमधले आटे ओढून काढले होते. सिलिंडर परत उतरवला. आजोबांनी उरलेल्या स्टडांवर (केसमधून बाहेर येणाऱ्या आट्यांच्या दांड्यांवर) बसणारा एक ठोकळा बनवला, म्हणजे ड्रिल सरळच जाईल, आणि तिथे नव्या आट्यांचं बुश बसवलं. ड्रिल करताना केसची सगळी तोंडं ग्रीस लावलेल्या फडक्यानं बंद करा, कीस आत जाता कामा नये. आणि सिलिंडरच्या बुडाशी सीलंट लावत असाल तर वरच्या दोन स्टडांच्या भोवती मुळीच लावू नका. रॉकरला तेल तिथूनच चढतं.

हेडचे नट समोरासमोर, तीन टप्प्यांत आवळा: १५, ३० आणि शेवटी ३५ ते ३९ न्यूटन मीटर. जुन्या पुस्तकात हे किलोपॉन्ड मीटर या जुन्या एककात छापलेलं असतं; ४ किलोपॉन्ड मीटर म्हणजे साधारण ३९ न्यूटन मीटर. इंजिन थंड असताना व्हॉल्व्हचं अंतर इनलेटला ०.१५, एक्झॉस्टला ०.२० मिमी ठेवा.

पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून सिलिंडरला टेकवून ठेवा आणि तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवा. माझा दिवा चौथ्या खेपेला विझला. १००० किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा तपासा आणि त्यानंतरच व्हॉल्व्हचं अंतर घ्या. उलट केलंत तर नट आवळताना अंतर बदलतं आणि काम दुसऱ्यांदा करावं लागतं.