न्यू इंग्लंडच्या पहिल्या इंग्रज वसाहतकाराचे मूळ शोधताना या चुका टाळा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आता जावई, सुना आणि व्याही यांच्या रूपाने न्यू इंग्लंडची, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातली, जुनी घराणी आली आहेत, आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ तयार करावी असे वाटणारे आजी-आजोबाही वाढले आहेत. आपल्या बाजूला छापील कुलवृत्तांत हाताशी असतो. दुसऱ्या बाजूचा शोध मात्र १६३० च्या सुमारास अटलांटिक ओलांडून आलेल्या एखाद्या विणकरापाशी किंवा सुतारापाशी येऊन थांबतो, आणि तेथून पुढे इंग्लंडात शिरताना जवळजवळ प्रत्येक जण त्याच खड्ड्यात पडतो. असे कागद मी बरीच वर्षे तपासत आलो आहे. नवशिक्याच्या अज्ञानाबद्दल माझी तक्रार नाही, कारण ते वाचनाने जाते. त्याच्या घाईबद्दल मात्र आहे.

या घाईला निमित्तही नाही. १६२० ते १६४० या काळात न्यू इंग्लंडमध्ये आलेल्या इंग्रजांची संख्या साधारण २०,००० मानली जाते, म्हणजे आजच्या हिशेबाने एखाद्या तालुक्याच्या गावाइतकी. १८४५ मध्ये स्थापन झालेली बॉस्टनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटी आणि तिच्यासारख्या संस्था यांच्यावर पिढ्यान्पिढ्या काम करत आहेत, आणि १९८८ पासून रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी या काळातील वसाहतकारांची एकेक करून पुराव्यानिशी छाननी चालवली. आपला माणूस त्या छाननीत आधीच तपासला गेला आहे का, हे पाहण्यास एक दुपार पुरते. ती दुपार न देता लोक संकेतस्थळावरील कोणाचेही झाड, म्हणजे वंशवृक्ष, उचलतात आणि एका क्लिकसरशी आपल्या झाडाला जोडतात. शंभर झाडांत एकच माहिती दिसली म्हणजे ती खरी, असे समजणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ती शंभरही एकमेकांवरून उतरवलेली असतात.

नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे मानणे

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहतो. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३८ साली एक जॉन अमुक सापडतो, इंग्लंडातील सफोक काउंटीच्या एका पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीतील वस्तीत) १६१२ साली जॉन अमुक याचा बाप्तिस्मा झालेला दिसतो, वय साधारण जुळते, आणि मग दोघांमध्ये रेघ ओढली जाते. ज्या काळी जॉन, थॉमस आणि विल्यम या तीन नावांत निम्मे गाव सामावत असे, त्या काळी ही रेघ ओढणे म्हणजे केवळ अंदाज बांधणे होय.

इंग्लंडच्या नॉरफोक काउंटीतील हिंगहॅम या गावातून बरीच माणसे मॅसॅच्युसेट्समध्ये आली आणि तेथील त्यांच्या वसाहतीलाही त्यांनी हिंगहॅम हेच नाव दिले. या नव्या हिंगहॅममध्ये एकाच काळात थॉमस लिंकन नावाचे चार प्रौढ पुरुष राहत होते, आणि त्यांना ओळखता यावे म्हणून कागदोपत्री एकाला विणकर, दुसऱ्याला गिरणीवाला, तिसऱ्याला पिंपे करणारा आणि चौथ्याला शेतकरी असे लिहिले जाई. यांतील विणकर थॉमसचा भाऊ सॅम्युएल हा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा पूर्वज होय. आता ज्याने व्यवसायाचा उल्लेख न उतरवता नुसते नाव आणि तारीख टिपून घेतली, त्याच्या वहीत चार माणसांचा एक माणूस झाला, आणि त्या एकाला चौघांच्या बायका व चौघांची मुले मिळाली. अशी वंशावळ पाहिली की पूर्वज फार कर्तबगार होते असे वाटू लागते.

याच घराण्याच्या बाबतीत खुद्द अब्राहम लिंकन यांनी दाखवलेला संयम मला अनुकरणीय वाटतो. १८५९ मध्ये स्वतःविषयी लिहिलेल्या छोट्या टिपणात त्यांनी सांगितले आहे की आपल्या घराण्याचा न्यू इंग्लंडमधील त्याच आडनावाच्या घराण्याशी संबंध जोडण्याचा प्रयत्न झाला, परंतु दोन्हीकडे मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी सारखी नावे आढळतात, यापलीकडे निश्चित काही हाती लागले नाही. ही नावे विरळा होती, त्यामुळे अंदाज बरोबर होता; तरीही त्यांनी अंदाजाला पुरावा म्हटले नाही. मॅसॅच्युसेट्सपासून न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियापर्यंतची साखळी पुढे संशोधकांनी जमिनीच्या आणि वारसाहक्काच्या कागदांवरून सिद्ध केली.

माझी स्वतःची सवय अशी आहे की एका नावाचे दोन पुरुष असू शकतात अशी शंका आली की प्रत्येकासाठी वहीत स्वतंत्र पान करावे आणि प्रत्येक नोंदीतील व्यवसाय, बायकोचे नाव, जमिनीच्या चतुःसीमा, साक्षीदार आणि सहीऐवजी केलेली खूण त्या त्या पानावर लिहावी. जी नोंद कोणाची हे ठरत नाही ती तिसऱ्या पानावर राहते, आणि बराच काळ तेथेच राहिली तरी तिला हलवायचे नाही. इंग्लंडातील बाप्तिस्म्याची नोंद सापडली की मी आनंद करण्यापूर्वी त्याच नोंदवहीतील पुढील वीस-पंचवीस वर्षांची दफने वाचतो. वरच्या उदाहरणासारखा एक ‘जॉन’ एका गृहस्थांनी माझ्याकडे आणला होता, आणि त्याच्यामागे थेट नॉर्मन सरदारांपर्यंत पोहोचलेली सुरेख वंशावळ जोडलेली होती. त्या पॅरिशच्या नोंदवहीत दोन पाने पुढे तेच बाळ वडिलांच्या नावासह पुरल्याची नोंद होती. गृहस्थ मला म्हणाले की दफनाच्या नोंदीत लेखनिकाची चूक असू शकेल. ज्या लेखनिकाची बाप्तिस्म्याची नोंद त्यांना वेदवाक्य वाटत होती, तोच हा लेखनिक होता.

तारखा आजच्या कॅलेंडरने वाचणे

इंग्लंड आणि त्याच्या वसाहती यांत १७५२ पर्यंत ज्युलियन कॅलेंडर चालू होते आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस हे आपल्या दृष्टीने नव्या वर्षाचे असले तरी कागदावर मागील वर्षाचे असतात. शिवाय मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन (कडक प्रोटेस्टंट पंथाच्या) लोकांना महिन्यांची रोमन देवदेवतांवरून आलेली नावे नकोशी वाटत, म्हणून ते महिन्यांना क्रमांक देत, आणि त्यांचा पहिला महिना मार्च असे. हे एवढे दोन नियम आहेत, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्याने किती गोंधळ होतो याचा एक नमुना सांगतो.

एका निवृत्त अभियंत्यांनी सुनेच्या माहेरच्या घराण्याचा इतिहास छापण्यासाठी तयार केला होता. मूळ जोडप्याचा विवाह २२ एप्रिल १६४१ रोजी झाला होता आणि पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याची चर्चच्या वहीतील नोंद ‘६वा दिवस, १२वा महिना, १६४१’ अशी होती. त्यांनी ती ६ डिसेंबर १६४१ अशी वाचली, विवाहानंतर साडेसात महिनेच झाले असल्याचे त्यांच्या ध्यानात आले, आणि अशा जोडप्यांना त्या काळी न्यायालयात उभे करून दंड केला जाई हे त्यांनी कोठेतरी वाचलेले असल्यामुळे (आणि ते खरेही आहे) त्यांनी काउंटी न्यायालयाच्या नोंदींत त्या दंडाचा शोध सुरू केला. दंड सापडला नाही, तेव्हा ते पान गहाळ झाले असावे असा निष्कर्ष काढून त्यांनी पूर्वजांच्या या प्रमादावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. सुनेच्या माहेरी ते वाचून काय वाटेल, हा विचार त्यांना शिवला नव्हता.

बारावा महिना म्हणजे फेब्रुवारी. आता दोन शक्यता उरतात: ती तारीख आपल्या मोजणीने ६ फेब्रुवारी १६४१ असेल, तर बाप्तिस्मा विवाहाच्याही आधीचा ठरतो, आणि ६ फेब्रुवारी १६४२ असेल, तर विवाहानंतर साडेनऊ महिने होतात व कोणाला काही बोलण्यास जागाच राहत नाही. नियमाप्रमाणे उत्तर दुसरे आहे, परंतु मी येथे वारही तपासतो, कारण हे बाप्तिस्मे साधारणपणे रविवारच्या सभेत होत. ज्युलियन कॅलेंडरने ६ डिसेंबर १६४१ हा सोमवार होता, ६ फेब्रुवारी १६४१ हा शनिवार होता, आणि ६ फेब्रुवारी १६४२ हा रविवार होता. प्रकरण मागे घेतले गेले.

यावर माझा उपाय साधा आहे. मूळ कागदावर जशी तारीख आहे तशीच, क्रमांकासह, आधी उतरवायची. मग तिच्या शेजारी दुहेरी वर्ष लिहायचे, जसे की ६ फेब्रुवारी १६४१/४२. आणि त्यापुढे काहीही करायचे नाही. काही जण ज्युलियन आणि आजच्या कॅलेंडरमधील फरक म्हणून उत्साहाने दहा-अकरा दिवसही मिळवतात आणि पूर्वजाला ज्या दिवशी तो जन्मला नाही त्या दिवशी जन्माला घालतात. छापील नकलांमध्ये एक वेगळा धोका असतो. संपादकाने वर्ष आधीच दुरुस्त केलेले असते, वाचणारा ते पुन्हा दुरुस्त करतो, आणि मूल एक वर्षाने लहान होते. संपादकाची प्रस्तावना वाचण्याचा कंटाळा करू नये, आणि शक्य असेल तेथे मूळ पानाचे छायाचित्र पाहून डिसेंबरनंतर आकडा बदलतो की मार्चनंतर, हे स्वतः ठरवावे.

काही चुका ज्यांना एक-दोन वाक्येच पुरेत

तीन भाऊ एकत्र आले, एक उत्तरेस गेला, एक दक्षिणेस गेला आणि एकाचा पत्ता लागला नाही, ही कथा मला इतक्या घराण्यांत ऐकू आली आहे की आता मी ती लिहूनही घेत नाही.

घराण्याचे मानचिन्ह म्हणून चहाच्या कपावर छापून मिळणारी ढाल विकत घेऊ नये, कारण इंग्लंडात मानचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते.

कागदात ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ दिसले म्हणून ते बापलेक ठरत नाहीत. गावातील थोरला आणि धाकटा एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, आणि थोरला वारला की धाकटा सीनियर होतो.

विवाहाची नोंद चर्चच्या वहीत नाही म्हणून ती हरवली असे म्हणू नये. सुरुवातीच्या मॅसॅच्युसेट्समध्ये विवाह पाद्री लावत नसत, तो दंडाधिकाऱ्यापुढे होणारा नागरी व्यवहार होता.

इंग्लंडातील चेम्सफर्ड एसेक्समध्ये आहे आणि मॅसॅच्युसेट्समधील मिडलसेक्समध्ये. इंग्लंडातील इप्सविच सफोकमध्ये आहे आणि मॅसॅच्युसेट्समधील एसेक्समध्ये. काउंटीपुढे देश न लिहिणाऱ्याचे टिपण मी परत करतो.

देवनागरी येते म्हणून मोडी रुमाल वाचता येत नाही, तसेच इंग्रजी येते म्हणून सतराव्या शतकातील सेक्रेटरी वळण वाचता येत नाही. ते काही आठवडे बसून शिकावे लागते आणि त्याला ॲपचा पर्याय नाही.

डीएनए चाचणीने हे सारे एका थुंकीत सुटेल असे मानणाऱ्यांनी गणित करावे: दहा पिढ्यांमागे १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात आणि त्यांतील अनेकांचा अंश आपल्या शरीरात शिल्लकही नसतो. पित्याकडून पुत्राकडे अखंड जाणारी वाय गुणसूत्राची चाचणी मात्र दोन घराणी एक आहेत का हे पाहण्यास उपयोगी पडते.

छापील आहे म्हणून विश्वास ठेवणे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी गुस्ताव अँजू नावाच्या माणसाने श्रीमंत अमेरिकी कुटुंबांना भरघोस शुल्क घेऊन उमद्या इंग्रज वंशावळी पुरवल्या. त्यांत खऱ्या नोंदींच्या मधोमध कधीही नसलेली मृत्युपत्रे आणि बाप्तिस्मे बेमालूम पेरलेले होते, आणि त्या बनावट कड्या आजही लोकांच्या झाडांत हिरव्यागार आहेत. प्रामाणिक परंपराही चुकते. १६२० मध्ये प्लिमथला वसाहतकार घेऊन आलेल्या मेफ्लॉवर जहाजावरील जॉन हाउलंड याची पत्नी एलिझाबेथ ही त्या वसाहतीचे गव्हर्नर कार्व्हर यांच्या घरची लेक, असे वंशज पिढ्यान्पिढ्या सांगत होते. १८५५ मध्ये त्याच वसाहतीचा नंतरचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याचे गहाळ झालेले हस्तलिखित लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात असल्याचे उघड झाले, आणि त्यातील उतारूंच्या यादीवरून ती त्याच जहाजावरील जॉन टिली याची मुलगी असल्याचे कळले. हाउलंड यांचे वंशज फार मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे ही दुरुस्ती पुष्कळ भिंतींवरच्या तसबिरींत करावी लागली असणार.

जो गेला त्याचाच शोध घेणे

जहाजांच्या उतारूंच्या याद्या फारच थोड्या टिकल्या आहेत, आणि ज्या आहेत त्या बहुतेक इंग्लंडच्या बंदरांतून निघतानाच्या आहेत. बॉस्टनला उतरल्याची यादी शोधत बसणे व्यर्थ आहे. माझा भर मागे राहिलेल्यांवर असतो. निःसंतान काका, विधवा आई किंवा घर सांभाळणारा भाऊ यांच्या मृत्युपत्रात ‘न्यू इंग्लंडात असलेला माझा अमुक’ असा उल्लेख येतो, आणि तो एक उल्लेख दहा जुळणाऱ्या बाप्तिस्म्यांहून अधिक मोलाचा असतो. ऱ्होड आयलंडचे संस्थापक रॉजर विल्यम्स यांच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळत नाही, कारण लंडनमधील सेंट सेपल्कर चर्चच्या जुन्या वह्या १६६६ च्या आगीत नष्ट झाल्या. परंतु त्यांच्या आईच्या १६३४ च्या मृत्युपत्रात समुद्रापलीकडे असलेल्या रॉजर या मुलाचा उल्लेख आहे आणि त्यावरून त्यांचे कुटुंब ठरते.

म्हणून आडनाव विरळ असेल तर त्या आडनावाची, आणि सर्वसाधारण असेल तर शेजाऱ्यांच्या व सासुरवाडीच्या आडनावांची, स्थलांतरानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांतील सारी मृत्युपत्रे मी वाचतो. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या प्रिरॉगेटिव्ह न्यायालयातील (मृत्युपत्रे मंजूर करणाऱ्या चर्चच्या न्यायालयातील) मृत्युपत्रे लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १६५३ ते १६६० या काळात इंग्लंड आणि वेल्समधील सर्व मृत्युपत्रे लंडनच्या एकाच न्यायालयात दाखल होत, आणि तीही याच संग्रहात असल्यामुळे ती वर्षे प्रथम पाहावीत. स्थानिक न्यायालयांची मृत्युपत्रे त्या त्या काउंटीच्या दप्तरखान्यात शोधावी लागतात. आपला माणूस डेव्हनचा असेल तर अडचण मोठी आहे, कारण एक्झिटर येथील मृत्युपत्रांचा साठा मे १९४२ च्या बाँबहल्ल्यात जळाला. तरीही त्याआधी अभ्यासकांनी करून ठेवलेल्या नकला आणि सारांश बऱ्याच संख्येने उपलब्ध आहेत, आणि ते पाहून झाल्याशिवाय ‘नोंद नष्ट’ असा शेरा वहीत लिहू नये.