मलांजखंडच्या कोअरसमोर: तांबे-सोन्याच्या शोधकार्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी नागपूरहून गोंदिया, बालाघाट, बैहर असा प्रवास करून मलांजखंडला पोहोचलो, तेव्हा या साठ्याबद्दलचे सगळे सिद्धान्त माझ्या वहीत उतरवलेले होते आणि तिथला एकही दगड मी हातात घेतलेला नव्हता. या क्षेत्रात येणाऱ्याने हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे ठाम मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी मलांजखंडइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातला हा साठा बस्तर क्रेटॉनच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या एका अतिप्राचीन, स्थिर तुकड्याच्या, उत्तर कडेला आहे. ज्या प्राचीन नाईसच्या (पट्टेदार रूपांतरित खडकाच्या) प्रदेशाला आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावचे नाव दिले गेले, त्याच भूभागाचा हा शेजार. सुमारे २४८ कोटी वर्षे वयाच्या ग्रॅनाइटी खडकात गारगोटीची एक प्रचंड, धनुष्यासारखी वळलेली रीफ, म्हणजे भिंतीसारखी जाड शीर, आहे आणि बहुतेक तांबे त्या रीफमध्ये व तिच्या लगतच्या शिरांमध्ये चाल्कोपायराइट या पिवळ्या ताम्रखनिजाच्या रूपात आढळते. सोबत थोडे मॉलिब्डेनम आहे. सोने टनामागे ग्रॅमच्या अंशात मोजावे इतकेच. पृष्ठभागाजवळ, जिथे पाणी आणि हवा पोहोचली, तिथे मॅलाकाइट या ताम्रखनिजाचा हिरवा रंग, चाल्कोसाइट हे आणखी एक ताम्रखनिज आणि क्वचित मूळ धातुरूपातले तांबेही दिसते. जुन्या काळातल्या खोदकामाच्या खुणा इथे आढळल्या, त्या या हिरव्या रंगामुळेच असाव्यात, असे मला वाटते.

वाद आहे तो उगमाचा. काही अभ्यासक याला पॉर्फिरी प्रकारचा साठा मानतात, म्हणजे थंड होत चाललेल्या मॅग्मातून निघालेल्या उष्ण द्रवांनी तांबे आणले, असे म्हणतात. मॉलिब्डेनाइटचे (मॉलिब्डेनमच्या खनिजाचे) रेनियम-ऑस्मियम पद्धतीने काढलेले वय सुमारे २४९ कोटी वर्षे येते, ते ग्रॅनाइटच्या वयाशी जुळते आणि या मताला बळ देते. जगातले बहुतेक पॉर्फिरी साठे याहून खूप तरुण आहेत, कारण असे साठे कवचात फार खोल नसतात आणि झीज होऊन नष्ट होतात; त्यामुळे इतका जुना साठा टिकून राहणे हीच मोठी गोष्ट ठरते. हा पॉर्फिरी साठा नाही, असे मानणारे दुसऱ्या बाजूचे अभ्यासक बोट ठेवतात ते रीफच्या आकारावर आणि धातू पसरण्याऐवजी गारगोटीतच एकवटल्याच्या वस्तुस्थितीवर.

मी पहिल्याच दिवशी कोअरच्या, म्हणजे बोअरहोलमधून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाच्या, लॉगशीटवर (नोंदपत्रकावर) ‘पॉर्फिरी प्रकारचा बदल’ असे लिहून मोकळा झालो. मार्गदर्शकांनी ते खोडले आणि विचारले, ‘तुम्हाला दिसले काय?’ मग कोअर पाण्याने ओली केली, भिंगाखाली धरली. गारगोटीच्या शिरेला लागून दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात फेल्डस्पार गुलाबी-लाल झाले होते आणि त्यापलीकडे पुन्हा करड्या रंगाचा ग्रॅनाइट होता. शिरेतले पिवळे कण चाकूने ओरखडले गेले, म्हणून ते चाल्कोपायराइट. शेजारचे फिकट, चौकोनी कण ओरखडले गेले नाहीत, म्हणून पायराइट. एका भेगेत शिशासारखा चकाकणारा मऊ थर होता, तो कागदावर घासताच करडी रेघ उमटली, तो मॉलिब्डेनाइट. एवढे लिहिल्यावर पान भरले होते आणि ‘पॉर्फिरी’ हा शब्द त्यात कुठेच नव्हता. नाव पुढे बदलू शकते, पण शिरेच्या कडेचा तो गुलाबी पट्टा बदलत नाही.

नोकरी लागल्यानंतर एका वेगळ्या कामावर कोअरचे दोन बॉक्स अदलाबदल होऊन मांडले गेले आणि आम्ही दिवसभर चुकीच्या खोलीवर नोंदी केल्या. तुटलेल्या टोकांची तोंडे एकमेकांना जुळेनात, तेव्हा चूक कळली. म्हणून लॉगिंगला बसण्याआधी प्रत्येक रनचे (एका खेपेत खोदलेल्या लांबीचे) खोली लिहिलेले ठोकळे वाचा, टोके जुळवून पाहा आणि किती मीटर खोदले व किती कोअर हाती आली, हे स्वतः मोजा.

शोधकार्याचा इतिहास वाचण्याची सवयही लवकर लावून घ्या. मलांजखंडला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९६९ पासून पद्धतशीर काम केले, पुढे साठा हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीकडे गेला, १९८२ मध्ये खुली खाण सुरू झाली आणि आता खड्ड्याखालून भूमिगत खाणकाम होते. प्राथमिक टेहळणीच्या जी-४ टप्प्यापासून तपशीलवार जी-१ पर्यंतची शिडी पाठ करणे सोपे आहे. प्रत्येक पायरीवर कोणत्या पुराव्यामुळे पुढे जाण्याचा निर्णय झाला, हे मात्र जुन्या अहवालांतूनच समजते. सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर पुष्कळ साहित्य उपलब्ध आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासना येथील तांबे-सोन्याच्या शोधाबद्दलही वाचा. तो आपल्या दारातला आहे.

सर्वेक्षणात जायचे असेल, तर संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा द्यावी लागते. शक्य असेल तर त्याआधी एक पूर्ण हंगाम फील्डवर काढा.

सोन्याबाबत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. चाल्कोपायराइट डोळ्यांना दिसते, त्यामुळे तांब्याचा अंदाज कोअर पाहूनही बांधता येतो. इतके विरळ सोने सहसा दिसत नाही आणि कणाकणाने असमान विखुरलेले असते. त्यामुळे एकाच मीटरच्या दोन नमुन्यांचे आकडे दुपटी-तिपटीने वेगळे येऊ शकतात. नमुना घेताना हिऱ्याच्या करवतीने कोअर उभी, शीर दोन्ही अर्ध्या भागांत सारखी वाटली जाईल अशी कापावी, एक अर्धा भाग प्रयोगशाळेत पाठवावा आणि दुसरा खोलीच्या खुणेसह बॉक्समध्ये परत ठेवावा. अनेक ठिकाणी पहिल्या फेरीत फक्त तांबेच तपासले गेले होते. अशा ठिकाणी जपून ठेवलेला तो अर्धा भाग असेल, तर नवे बोअरहोल न मारता सोन्याची तपासणी करता येते.