मुंबईत जुनी एसयूव्ही घेताय? आधी ती पाण्यात बुडालेली नाही ना ते बघा

अकोल्यावरून इथे आलो त्याला सोळा वर्षं झाली. दर पावसाळ्यानंतर गावाकडच्या कोणाचा तरी फोन येतोच, दादा सात सीटर भेटतेय, एकदम स्वस्तात. माझ्या पोटात गोळा येतो, कारण मीही सप्टेंबरमध्येच घेतली होती, गावच्याच ओळखीच्या एजंटकडून. रंग चकाचक, आत परफ्यूमचा घमघमाट. तीन महिन्यांनी डॅशबोर्डवर एकेक लाइट पेटायला लागली, मग काचा अडकल्या आणि एका रात्री बायको-पोरं आत असताना कसारा घाटात गाडी बंदच पडली. मेकॅनिकने कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ, वायरिंगच्या जोडांवर हिरवा गंज. वायरिंग आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मिळून 1 लाख 80 हजार गेले.

26 जुलै 2005 तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी, पण गाडी बुडायला तेवढा पाऊस लागत नाही, भरतीच्या वेळी जोराची सर आली की गांधी मार्केट, अंधेरी सबवे भरतात. म्हणून गाडी दिवसाउजेडी बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मातीची रेघ दिसते का बघा, धुणारे तिथपर्यंत पोचत नाहीत. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, सीटच्या रेलवर गंज आहे का बोट फिरवून बघा. एसी बंद करून काचा लावून दहा मिनिटं नुसते बसा, कुबट वास आला की उठायचं. मागच्या इन्शुरन्स पॉलिसीवर एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, शून्य असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारा.

आपल्याकडच्या लोकांना एसयूव्ही म्हटलं की डिझेलच पाहिजे. गावाकडे ठीक आहे. इथे रोज अंधेरी ते बीकेसी रांगत जाणार असाल तर एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक होतो, त्यातली काजळी जळायला हायवेवर सलग पळवावी लागते. रोजचं ऑफिस असेल तर पेट्रोलच घ्या. दिल्लीची स्वस्त डिझेल तर नकोच, एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की स्वस्ताई संपते.

सोसायटीत स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या लावायची सोय, असेल तर गाडी त्यात बसेल का, उंची आधी मोजा.

मीटरवर विश्वास नको, सर्व्हिस हिस्ट्री मागा. टायरवरचे चार आकडे वाचा, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा, मीटरवर 25 हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीला चारही टायर नवे कशाला लागतील?

ओळखीपेक्षा अनोळखी मेकॅनिक परवडला. इथला कारागीर हजार रुपये घेईल पण तोंडावर खरं सांगेल, मुंबईचं हे मला फार आवडतं.

ई-चलान बाकी आहेत का बघा, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म 35 घ्या, गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या तुमच्यासमोर होऊ द्या. आणि आरसी नावावर होईपर्यंत 50 हजार हातात ठेवा. एजंट म्हणेल, आपल्याच गावचे ना, एवढा पण भरवसा नाही? तरी देऊ नका.