टकळीवर सूत : आधी पीळ ओळखा

चरखा मांडायला जागा आणि सलग वेळ लागतो. टकळी (हातानं फिरवून सूत कातायची छोटी दांडी) आणि चार पेळू (पिंजलेल्या कापसाच्या वळ्या) मात्र स्टीलच्या डब्यात मावतात. भाकरी-भाजी उरकल्यावर रोज पंधरा मिनिटं पुरे, आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा हात लवकर वळतो.

जळगाव-धुळ्याकडच्या कापसाचा तंतू जेमतेम इंचभर. म्हणून टकळी लोंबकळत सोडू नका, तिच्या वजनानं कच्चा धागा तुटतो. टोक वाटीत टेकवून फिरवा. पेळू चिमटीत अगदी हलका धरा. दाबला की तंतू सरकत नाहीत, आणि सगळ्यांचं अडतं ते इथेच.

सूत तुटलं तर टोक बघा. पिसासारखं मऊ, निमुळतं असेल तर पीळ कमी पडला. सैल सोडल्यावर सूत स्वतःभोवतीच वेटोळी घेत असेल तर पीळ जास्त झाला. जोडताना गाठ नको. टोकाचा दोन बोटं भाग पेळूच्या तंतूंवर ठेवून पीळ चढू द्या.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सूत फार तुटतं. तेव्हा पेळू रात्रभर माठाजवळ ठेवा, माठाला न टेकवता, आणि पहाटे काता.